पाहुण्या बाईनं पाय धुतले

टोकावडे, संक्रांतीच्या आदल्या दिवशी

चि. सौ. शीतलला गोजरचा आशीर्वाद.

सौ. लिवलं बघ. मागच्या वेळी पोस्टातला माणूस बोलला, आजी, पोरगा तुमचा गेला, मग सुनेला सौ. कसं लिवता? मी बोलले, पोरगा माझा गेला, तिनं दुसरं घर केलं, नि ते कर म्हणून मीच तिच्या मागं लागले होते. तो शिक्का मारत बसला. लोकांना सगळं उलगडून सांगावं लागतं गो. दमायला होतं.

हे पत्र बी खर्डीला संजीवनीच्या पत्त्यावर टाकते. बहीण हाय तुझी, ती वापीला पोचवंल. तुझा नंबर लावला की तुझा मालक उचलतो नि राँग नंबर बोलतो. शिव्या देत नाय, सरळ आवाजात बोलतो. मला तेवढ्यावरनं बरा माणूस वाटला.

अक्षर वाकडं हाय, सांभाळून घे. चौथीत शाळा सुटली ती सुटली. जोडाक्षर आलं की मला अजून घाम फुटतो.

तुझी राही आता नऊ वर्षांची झाली. म्हसा गावच्या जत्रेला जन्मली ना, म्हणून माझ्या ध्यानात राहतं, जत्रा आली की पोरगी एक वर्षानं मोठी. उंच झालीय. कान किशोरचे घेतलेत, नाक तुझं. गणित बरं हाय, लिवायला आळशी हाय. मी तिला बघते नि माझं पोट भरतं. खरंच सांगते, या वयात देवानं एवढं कौतुक करायला दिलं, आणखी काय पाहिजे.

तुला ठाव नाय ते सांगते. किशोरचा टेम्पो घाटात दरीत गेला, तू गेलीस, मग मी वीटभट्टीवर गेले. भट्टीवर पोरीला कुठं नाचवू, म्हणून रस्त्याकडच्या मिशनच्या बालगृहात ठेवली. हे तुला संजीवनीनं सांगितलं असंल. पुढचं नाय सांगितलं. तीन वर्षांमागं त्याच बालगृहात मला सैपाकाचं काम लागलं. चाळीस पोरांचा भात-डाळ मी करते. म्हणजे राही नि मी रोज एका आवारात असतो. रात्रीला मी चालत माझ्या घरी, ती तिथंच पोरींच्या खोलीत.

एकच हाय, आत मला आजी बोलायचं नाय. सगळी पोरं गोजरमावशी बोलतात, तीबी मावशीच बोलते. तिथले स्वरूप सर, ते नि त्यांची बाई सगळं बघतात, त्यांनी पहिल्या दिवशीच मला बसवून सांगितलं की बाकीच्या लेकरांना कोणी नाय, त्यांच्या डोळ्यांसमोर एकीची आजी डाळ वाढत फिरली तर त्यांच्या जिवाला काय वाटंल. मला पटलं. मोठ्या पोरींना ठाव असणारच, सुट्टीत ती माझ्याकडं येते ते दिसतंच ना. पण कोणी बोलत नाय. जत्रेतनं राहीला घोंगडी आणली, ती माझ्या पेटीतच पडून हाय. एकीला दिली तर चाळीसांना द्यावी लागंल.

गावात बडबड करतात, बाटवतील पोरीला. कोण बाटवतंय. जेवायच्या आधी हात जोडून काय तरी म्हणतात. आमी बी शाळेत हात जोडूनच जेवायचो.

आता पाहुणे येणार हायेत. दर साल थंडीत लांबच्या देशातनं देवळातली, म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं सेवा करायला येतात. या टायमाला न्यूझीलंडची हायेत. तो देश कुठं ते राहीनं मला पृथ्वीच्या गोळ्यावर दाखवला. अगदी खाली, पडेल की काय असा.

गूळ महाग झालाय. तीळ घेतलेत.

— गोजर


टोकावडे, जत्रा उठल्यावर

चि. सौ. शीतलला आशीर्वाद.

पाहुणे आलेत नि माझी कंबर गेलीय. बारा-पंधरा माणसं, सगळ्यांच्या अंगात एकाच हिरव्या रंगाची ग्यांजी, म्हणजे कोण कोण ते कळंना. गोरी हायेत, दोन काळीसावळी बी हायेत, एक बाई आपल्यासारखीच दिसते, ती हिंदी बोलंल म्हणून मी धावले तर तिला इंग्रजीशिवाय काय येत नाय.

त्यांनी जेवणाची भिंत पिवळी केली. मागच्या साली आलेल्यांनी निळी केली होती, त्याच्या आधी हिरवी. भिंतीला दर साल नवं लुगडं. पोरींच्या संडासाच्या दाराला मात्र कडी नाय, आतनं दोरी धरून बसतात. स्वरूप सरांना मी मागंच सांगितलंय. ते बोलले, मावशी, पाहुण्यांना रंग द्यायला आवडतं. लेकरं मिळून करतात, फोटो चांगले येतात. त्यांचं बी खरं हाय. पाहुण्याला कडी बसवायला कसं सांगायचं.

सांगायचं ते वेगळंच हाय. पहिल्या दिवशीच जेवणाला घोटाळा झाला. मी पाहुण्यांची पानं आधी मांडली, कोंबडी केली होती, भाकरी गरम. तर ते बसंनात. त्यांची रीत अशी की आधी लेकरांना वाढायचं, आपण शेवटी. आमच्या पोरांना आमी शिकवलंय की पाहुणा जेवल्याबिगर घास उचलायचा नाय. झालं. हे उभे, ती बसलेली. ते हातानं खुणा करतात, खा, खा. पोरं मान हलवतात, तुमी खा. रश्शावर साय धरली. रंगू, झाडलोट करते ती, मला बोलली, गोजर, आता तू नि मीच जेवून घेऊ, दोघांचं भांडण मिटंल. शेवटाला स्वरूप सरांनी एकाआड एक बसवले, एक पाहुणा, एक पोर, नि सगळ्यांनी एकदम घास उचलला. मी हसून हसून चुलीपाशी बसले. हसले नि मग उठता येईना, गुडघा.

त्यात एक म्हातारी हाय. जोन नाव. माझ्याहून मोठी असंल, केस सगळे पांढरे नि आखूड, पुरुषासारखे. ती रंग द्यायला गेलीच नाय. सकाळी सैपाकघरात आली, माझ्यासमोर फतकल मारून बसली नि लसूण सोलायला घेतला. तिला माझं कळंना, मला तिचं, तरी सकाळभर बोलत होतो. तिच्याकडं मेंढरं हायेत, शेकड्यानं. ते तिनं मेंढरासारखं ओरडून सांगितलं. नवरा वारला ते डोळे मिटून सांगितलं. मी किशोरचं सांगितलं. कसं सांगितलं ते इचारू नको, हातानं घाट दाखवला. मग माझ्या वाट्याचा लसूण बी तिनंच सोलला. भाकरी मात्र तिला जमत नाय. थापते ती आफ्रिकेच्या नकाशासारखी होते, असं राही बोलली. मला कुठं तो नकाशा ठाव.

राही त्या म्हातारीला चिकटलीय. म्हणजे सगळीच पोरं पाहुण्यांना चिकटतात, तो एक रोगच हाय. पण राही जरा जास्त. तिच्या मांडीवर बसते. एवढी घोडी. जोन तिचे केस विंचरते, डोक्याचं चुंबन घेते. मला आनंदच हाय. पोरीला कोणी तरी जवळ घेतंय.

मी तिला त्या आवारात तीन वर्षांत जवळ घेतलेली नाय. डाळ वाढताना पळी तेवढीच भरते जेवढी बाकीच्यांची. कमीच पडत असंल कधी, जास्त नाय.

असो. उद्या परत पीठ मळायचं हाय.

— गोजर


टोकावडे, पाहुणे गेल्यावर

शीतल,

आज आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. काय लिवायचं ते मी भाकऱ्या करताना मनात दोनदा म्हणून बघितलं.

पाहुण्यांची एक रीत हाय. जायच्या दिवशी ते पाय धुतात. आपले नाय, दुसऱ्यांचे. त्यांच्या देवानं म्हणे आपल्या माणसांचे पाय धुतले होते, म्हणून हे बी धुतात. मागच्या साली आलेल्यांनी नव्हते धुतले, ती मंडळी गाणीच जास्त म्हणायची. या सालचे धुणारे निघाले.

दुपारी मोठ्या खोलीत बाकडी लावली. गुलाबी टब, साबण, पांढरे टॉवेल. लेकरांचे पाय धुतले तवा नुसती गंमत, गुदगुल्या होतात नि पोरं टब लाथाडतात. मी दारात उभी राहून बघत होते. मग स्वरूप सर बोलले, आता काम करणाऱ्या माणसांचे. वाळू, राखणदार आमचा, तो ऐकल्याबरोबर कुंपणावरनं उडी मारून शेतात गेला, दिवे लागले तरी परत आला नाय. रंगू बसली. ती बोलली, जन्मात नवऱ्यानं पायाला हात लावला नाय, आज मेमसाब लावतेय तर लावू दे.

मला मात्र ते जमंना. तूच सांग, आपल्यात पाय धुतात ते कोणाचे? जावयाचे. नवरदेवाचे. दारात आलेल्या बुवाचे. मी काय नवरदेव हाय? नि धुणार कोण, तर जोन. माझ्याहून वयानं मोठी, वर पाहुणी. मोठ्या माणसानं माझ्या पायाला हात लावला तर ते पाप कोणाच्या माथी? मी नको नको बोलले, पाय पदरात घेतले. ती खाली बसली होती, गुडघे टेकून, तिचे बी गुडघे माझ्यासारखेच वाजतात. तिनं माझा पाय ओढून पाण्यात घातला. मी परत काढला. ती परत घालते, मी परत काढते. पोरं हसायला लागली.

नि तिनं टाच चोळली. माझ्या टाचा तुला ठाव हायेत, भट्टीवरनं आल्यापासनं फाटलेल्याच हायेत. मी चटकन पाय मागं घेतला असंल. तेवढ्यात राही पोरांच्या रांगेतनं उठली, सरळ आली नि त्या म्हातारीचा हात धरला.

बोलली, "हळू. आजीच्या टाचेला भेग हाय. रक्त येतं."

मराठीत बोलली, जोनला काय कळणार. पण खोलीत सगळ्यांना कळलं. राहीला बी कळलं आपण काय बोललो ते, तिचं तोंड एवढंसं झालं. मी बोलले असते तर सावरलं असतं, बोलले असते अगं मावशी बोल. नाय बोलले.

मग दामिनी, सगळ्यात बारकी, ती तिथनंच बोलली, "ही तुझी आजी हाय तर आमची कोण?" नि लगेच तिचं तिनंच ठरवलं. त्या दिवसापासनं सगळी मला आजी बोलतात. राहीला त्याचा राग आलाय. बोलते, तीन वर्षं मला एकटीला नव्हती, आता उघडली तर चाळीस जणांत वाटली.

पण ते नंतरचं. तवा काय झालं, जोननं स्वरूप सरांकडं बघितलं. सरांनी इंग्रजीत सांगितलं. सांगायला त्यांना बराच वेळ लागला, घाम पुसत होते. तिनं एक सवाल इचारला. सरांनी तो मला लगेच नाय सांगितला. मी बोलले, सर, काय बोलते ती? तवा खाली बघत बोलले, "ती विचारते, आजीचं घर तिथं दिसतंय, मग नात इथं का झोपते?"

शीतल, पाच वर्षांमागं याला उत्तर होतं. भट्टी होती, झोपडं ताडपत्रीचं होतं, हातात काय नव्हतं. आता मला पगार हाय. घरकुलात दोन खोल्या झाल्यात. शाळा तीच, रस्ता तोच. मग का झोपते? तशीच झोपत राहिली म्हणून. कोणी इचारलं नाय. मी बी मला इचारलं नाय. दिवसभर चाळीसांचं करून घरी गेलं की पाठ टेकायची, एवढंच डोक्यात असतं.

सरांना तिनं दोष दिला नाय, मला बी नाय. मी काय केलं, उठले, तिला धरून बाकड्यावर बसवलं नि तिचे पाय धुतले. आता फिटलं, कोणाच्या माथी काय नाय. तिच्या अंगठ्याचं नख नाय, मेंढरानं तुडवलेलं. दोघी ओल्या झालो.

पाहुणे गेले. गेल्यावर दर सालसारखं झालं, पोरांना ताप, बारकी अंथरूण ओलं करतात, एक पोरगा दोन दिवस गेटापाशी बसून. पाहुणे प्रेम करून जातात नि चादरी रंगू धुते. मला त्यांचा राग नाय, माणसं चांगली. पण थकायला होतं गो, दर साल तेच.

आता मुद्द्याचं. स्वरूप सर बोलले, राहीला घरी नेता येतं, सरकारचं बी आता तसंच म्हणणं हाय की लेकरू घरी असावं. पण तिला सरकारच्या बालकल्याण समितीनं इथं ठेवलंय, तर समितीनंच सोडायचं. नि आई जिती हाय, तर आईनं समोर येऊन सांगायचं की आजीकडं दिली तर माझी ना नाय. सही करायची. शाळा नवीन चालू व्हायच्या आत.

तेवढं कर. तिला ने बोलत नाय. पैसे नकोत. एकदा ये नि सही कर.

आता घे आशीर्वाद.

— गोजर


टोकावडे, होळीनंतर

चि. सौ. शीतलला आशीर्वाद.

तुझं उत्तर नाय आलं, म्हणून मी खर्डीला जाऊन आले. मुरबाडला एसटी, तिथनं दुसरी, मग आगगाडी, मग रिक्षा. रिक्षावाला बोलला, मावशी, कोणाकडं? मी बोलले, सुनेच्या बहिणीकडं. तो बोलला, एवढ्या लांबनं सुनेच्या बहिणीकडं कोण जातं.

संजीवनी चांगली वागली. चहा केला, पोहे केले, गुडघ्याला तेल दिलं. आधी बोलली, शीतलला वेळ नसतो. मग जरा बसल्यावर बोलली की तुला मुलगा झालाय. दीड वर्षाचा. मला कोणी सांगितलंच नाय. दिसायला कसा हाय? रांगला का उशिरा, का सरळ चालला? किशोर रांगलाच नाय, बुडावर सरकत फिरायचा. हा काय किशोरचा नाय, तरी मला आपलं आठवलं. मी बैलगाडी घेतली होती वाटेत, लाकडाची, ती त्याच्यासाठी ठेवून आले. खरी राहीसाठी घेतली होती, पण ती आता मोठी झाली.

संजीवनी बोलली, पत्रं तुला पोचतात. तू वाचतेस नि काय बोलत नाहीस. बोलली, शीतल भीते. तिच्या मालकानं लग्नाच्या आधीच सांगितलंय, पोरगी माझ्या दारात नको. आता समितीपुढं गेलं, नाव निघालं, कागद झाला, की तो बोलंल आज सही, उद्या पोरगी.

शीतल, मी तुझ्या जागी असते तर मी बी भिले असते. मला कोणी सांगायला नको बाईची जागा काय असते. म्हणून नीट वाच. ही सही पोरगी तुझ्या दारात नेण्याची नाय, माझ्या दारात ठेवण्याची हाय. तुझ्या मालकाला सांगायचं तर हेच सांग. नाय सांगायचं तर खर्डीला बहिणीकडं जाते सांग. ते खोटं बी नाय, तू बहिणीकडंच उतरशील, संजीवनी कबूल झालीय.

राहीला मी सांगून बसले. चूक झाली का ठाव नाय. आता ती रोज पोळपाटापाशी येऊन इचारते, कधी? पाटी-दप्तर कुठं ठेवायचं, खिडकीखाली का दाराशी, हे तिनं ठरवून टाकलंय. खिडकीखाली ठरलंय. पोरींच्या खोलीत ती सगळ्यांना सांगत सुटली होती, मग एके दिवशी गप झाली. मी बोलले, काय झालं? बोलली, दामिनी रडली, आता नाय सांगणार.

तारीख वैशाखातली मिळालीय, सर संजीवनीला फोन करून नेमकी सांगतील. तू नाय आलीस तर समिती पुढची तारीख देईल, मग शाळा चालू, मग पुढचं साल. पुढच्या सालाला माझा भरवसा नाय, गुडघा एवढा हाय तर काम किती दिवस होईल. काम सुटलं तर समिती इचारंल, खायला काय घालशील. म्हणून आता.

थकले लिवून. रंगू बोलते, गोजर, तू कोर्टात वकील पाहिजे होतीस. मी बोलले, मला चौथीत काढलं नसतं तर झालेच असते.

— गोजर


टोकावडे, ज्येष्ठ सरताना

चि. सौ. शीतलला खूप खूप आशीर्वाद.

तू आलीस.

तू गाडीला गेलीस त्यानंतरचं सांगते. तुला घाई होती, तोंडाला ओढणी होती, मी समजले. राही माझ्या पदरामागनं निघाली नाय, त्याचं मनाला लावून घेऊ नको. पाच वर्षांनी बघितलं तिनं. तुझी एसटी वळल्यावर ती पदरातनं बाहेर आली नि बोलली, आई माझ्याएवढीच बुटकी हाय. मग वडापाव पाहिजे बोलली. वडापाव खाताना परत बोलली, आईचे हात थंड होते. म्हणजे तू तिच्या गालाला हात लावलास तो तिनं पकडून ठेवलाय.

फ्रॉक लहान झाला. तू घेतलास तो चार वर्षांच्या पोरीचा घेतलास. तुझ्या डोळ्यांसमोर ती तेवढीच असणार, दुसरं कसं होईल. मी फुकट नाय जाऊ दिला, खालचा घेर काढून तिला पोलकं शिवलं, उरलेल्याची दामिनीच्या बाहुलीला साडी झाली.

समितीच्या बाईंनी मला आत एकटीला बोलावलं होतं, ते तुला ठाव नाय. चांगल्या होत्या. चष्म्यावरनं बघून इचारलं, आजी, वय किती? मी बोलले, साठीच्या पुढं. त्या बोलल्या, किती पुढं? मी बोलले, बाई, भाकऱ्या चाळिसांच्या करते, वय त्याच्यावर धरा. हसल्या, नि काय तरी लिवलं.

आता राही घरी हाय. मी सकाळी कामावर निघते तवा ती बरोबर येते, शाळेला तिथनंच जाते, संध्याकाळी पोरांबरोबर खेळून माझ्याबरोबर परत. सुरुवातीचे दिवस घरात मला मावशी बोलायची, जीभ वळलेली. मग स्वतःच्याच गालावर चापट मारायची. झोपेत पाय फार मारते. माझी झोप गेलीय, कंबर गेलीय, सकाळी अंग मोडून येतं. इतकी थकलेली मी भट्टीवर बी नव्हते. नि तरी शीतल, सकाळी उठून ती खिडकीखाली दप्तर भरते ना, तवा मी चहा उतू घालवते बघत बघत.

स्वरूप सर बोलले, तुमचं बघून आणखी चार-पाच लेकरांच्या घरी इचारायला लागलोय. कोणाचा मामा, कोणाची आत्या. जोनचं पत्र आलं, सरांनी वाचून दाखवलं. ती लिवते की तिच्या चर्चमध्ये तिनं सांगितलं, पुढच्या साली रंग नको, ते पैसे लेकरांच्या घरी जायच्या गाडीभाड्याला द्या. काही लोकांना ते नाय आवडलं म्हणे. न आवडू दे.

आता ज्याच्यासाठी पत्र घेतलं ते. काल आमी दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होतो. ती खडे एका बाजूला रचत होती नि अचानक बोलली, "आजी, तू मेलीस की मी परत तिथं जायचं का?"

रडून नाय इचारलं. उद्या कोणती वही न्यायची, तसं इचारलं.

मी बोलले, "तिथं कशाला? तवा तुझी आई हाय की."

"ती नेईल?"

मी बोलले, "नेईल."

तिनं मान हलवली नि परत खडे काढायला लागली. मला वाटलं इसरली. आज सकाळी सैपाकघरात रंगूला सांगत होती, आजी मेली तर मी वापीला जाणार हाय, तिथं माझा भाऊ हाय.

तुला न इचारता बोलले गो. दुसरं काय तोंडात आलं नाय. तुझ्या मालकाला आज सांगू नको, या साली बी नको सांगू. तुझा पोरगा मोठा होऊ दे, घरात तुझा शब्द जरा वजनाचा होऊ दे. पण माझ्या मरणाच्या आधी कधी तरी सांग. मी काय इतक्यात निघत नाय, गुडघा सोडला तर बाकी सगळं धड हाय, तुला वेळ भरपूर हाय.

फक्त मी पोरीला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, एवढं मला कळव. लांब पत्र नको, तुला सवड नसते. कार्डावर नुसतं हो लिव. एवढं अक्षर मला कोणाकडनं वाचून घ्यावं लागत नाय.

— गोजर